महापालिकेसाठी तंत्रज्ञान सल्लागार नेमताना : निविदेच्या आधीपासून शेवटच्या बिलापर्यंत

ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या संगणक विभागात मी पंचवीसेक वर्षं काढली. कोणती ते सांगत नाही, कारण पुढचे काही किस्से तिथलेच आहेत. एवढ्या काळात ‘दीर्घकालीन तंत्रज्ञान आराखडा’ तयार करायला तीनदा सल्लागार नेमला गेला. पहिले दोन आराखडे छान बाइंडिंग करून कपाटात गेले. तिसऱ्यातला निम्मा भाग अमलात आला, आणि सरकारी हिशोबात निम्मा म्हणजे पुष्कळ. तिन्ही वेळचे सल्लागार साधारण सारख्याच तोलाचे होते. तिसऱ्या वेळी आम्ही निविदा काढायच्या आधी चार महिने घरचा अभ्यास केला होता, एवढाच फरक.

आता नेरुळला राहतो, म्हणून उदाहरणं नवी मुंबईची घेतो. ठाण्यात विभाग कार्यालयाऐवजी प्रभाग समिती म्हणा, बाकी काम तेच.

निर्णय कोणता घ्यायचाय?

‘शहर स्मार्ट करण्यासाठी सर्वंकष अभ्यास’ अशी टिपणी असेल तर ती तिथेच थांबवा. सल्लागार लागतो तो एखादा अडलेला निर्णय सोडवायला. मालमत्ता कर, पाणी आणि लेखा या तिन्ही विभागांच्या प्रणालींचे करार एकाच वर्षी संपतायत. नव्याने एकच प्रणाली घ्यायची की तीन वेगळ्या ठेवून जोडायच्या? सर्व्हर जुने झालेत. नवे घ्यायचे की क्लाउडवर जायचं? संगणक विभागात कायम माणसं चार आणि ठेकेदाराची चाळीस. हे असंच चालू ठेवायचं का? असे पाच-सात प्रश्न साध्या मराठीत एका पानावर लिहून त्यावर आयुक्तांची सही घ्या. पुढचं सगळं या पानावर उभं राहतं. हे पान लिहिता येत नसेल तर सल्लागार नेमायची वेळ अजून आलेली नाही.

घरातली मोजदाद

आपल्याकडे कुठली सॉफ्टवेअरं आणि कुठला डेटा आहे ते मोजायचं काम सल्लागाराला देऊ नका. तो तुमच्याच लोकांना विचारून तुमचीच माहिती तुम्हाला विकत देईल. दोन कारकून, एक सिस्टम ॲनालिस्ट आणि दोन महिने एवढ्यात ही मोजदाद होते.

प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक ओळ धरा. ते कुठल्या विभागाचं, कोणी बनवलं, करार कधी संपतो, वर्षाला देखभालीचे किती जातात, सोर्स कोड (म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) कोणाकडे आहे, डेटा कुठल्या यंत्रावर आहे, त्याची प्रत कुठे ठेवली जाते आणि ती प्रत परत चढवून शेवटचं कधी पाहिलं. या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रेघ येते. येऊ द्या, खोटी तारीख टाकू नका. ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे तेही लिहा. आमच्याकडे एका प्रणालीचा पासवर्ड नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या ठेकेदाराच्या मुलाकडे निघाला. बिचारा फोन उचलायचा, म्हणून निभावलं.

आणि डेटा उघडून बघा. कागदावर ‘संगणकीकृत’ लिहिलेलं असलं की आपण समाधान मानतो. आमच्या मालमत्ता कराच्या नोंदी जुन्या काळी युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकल्या होत्या. पुढे त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटली आणि गावठाणातले सगळे ‘म्हात्रे’ एका रात्रीत ‘म्हाते’ झाले. एक आजी बिल घेऊन खिडकीशी आल्या. “आरं पोरा, यो म्हाते कोन? माजं घर त्याचे नावावर क्यला का?” बिल दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले, कारण दुरुस्तीचा अधिकार खिडकीवरच्या कारकुनाला नव्हता. नावं टंकलेल्या एका जुन्या फाँटने पुढच्या प्रणालीच्या खर्चात किती भर पडते, हे त्या दिवशी कळलं. तेव्हा प्रत्येक विभागातून शंभर नोंदी काढा आणि कागदपत्रांशी ताडून पाहा. किती जुळल्या तो आकडा निविदेत द्या.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. इथली बरीचशी जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, भाडेपट्ट्याची. घर विकलं की हस्तांतरण सिडकोच्या दफ्तरात होतं, मालमत्ता कर महापालिकेत बदलावा लागतो आणि पाण्याचं बिल सोसायटीच्या नावे येतं. एकाच घराची तीन दफ्तरांत तीन नावं असू शकतात. शिवाय गावठाणातली घरं, झोपडपट्टी आणि एमआयडीसीतले कारखाने यांची तऱ्हा वेगळी. बाहेरून आलेल्या सल्लागाराला हे तीन महिन्यांनी कळतं आणि तोवर त्याचा पहिला अहवाल होऊन गेलेला असतो.

जे आपल्या हातात नाही

काही प्रणाली राज्य किंवा केंद्र ठरवतं, तिथे आपण फक्त जोडून घ्यायचं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि नोंदी केंद्रीय पोर्टलवर गेल्या. बांधकाम परवानगीसाठी राज्याची ऑनलाइन प्रणाली आहे. दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मुदती घालून देतो. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवावं लागतं आणि संगणक यंत्रणेचे लॉग, म्हणजे कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. नागरिकांच्या माहितीबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पाच वर्षांचा आराखडा करताना हे सगळं त्यात येतंच. ही यादी निविदेला जोडा, म्हणजे कोणी नवी जन्मनोंद प्रणाली विकायला येणार नाही.

आपला माणूस

समन्वय अधिकारी पूर्ण वेळ हवा. ‘आपले नेहमीचे काम सांभाळून’ असा आदेश निघाला की काम बुडालं समजा. तो संगणक विभागातलाच हवा असं नाही. आमच्या तिसऱ्या वेळी कर विभागातल्या एक अधीक्षक बाई होत्या. त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण कुठल्या टेबलावर फाइल किती दिवस बसते ते तोंडपाठ होतं. सल्लागाराच्या पोरांनी स्लाइडवर ‘नागरिक ऑनलाइन अर्ज करेल’ असं दाखवलं की त्या विचारायच्या, “मग ना-हरकत कोण देणार? त्याची सही कुठे?” अर्धा आराखडा त्या प्रश्नांमुळे सुधारला.

त्यांच्या पाठीशी छोटी समिती असू द्या : कर, पाणी, आरोग्य, अभियांत्रिकी, लेखा. मुख्य लेखापरीक्षकांचा माणूस पहिल्या बैठकीपासून बसवा. तो सदस्य झाला तर उद्या त्याला तटस्थ लेखापरीक्षण करता येणार नाही, म्हणून निरीक्षक म्हणून बसवा. आक्षेप काम चालू असताना ऐकून घेतलेले परवडतात. आयुक्त बदलतात हेही धरून चाला. ते पहिलं सहीचं पान, समितीचं इतिवृत्त आणि ठराव फाइलला असले की नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून पटवावं लागत नाही.

पैसे किती, कुठून

अंदाजपत्रक काढताना तीन कंपन्यांकडून ‘बजेटरी कोटेशन’, म्हणजे अंदाजे दर, मागवायची पद्धत आहे. मागवा, पण आपला हिशोब आधी करा. हिशोब मॅन-मंथचा, म्हणजे एका माणसाच्या एका महिन्याच्या कामाचा. समजा, एक प्रमुख सहा महिने, तीन तज्ज्ञ प्रत्येकी चार महिने, दोन विश्लेषक प्रत्येकी सहा महिने. झाले तीस मॅन-मंथ. सरासरी दर अडीच लाख धरला (हा फक्त हिशोबासाठी धरलेला आकडा आहे) तर ७५ लाख. प्रवास आणि छपाई वेगळी. जीएसटी धरून की वगळून, हे लेखा विभागाकडून लेखी घ्या आणि निविदेत स्पष्ट लिहा. नाहीतर दोन कंपन्यांच्या लिफाफ्यांतले आकडे तुलनेलाच बसत नाहीत.

लेखाशीर्षात (अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या रकान्यात) तरतूद, प्रशासकीय मान्यता आणि रक्कम आयुक्तांच्या अधिकारापलीकडची असेल तर स्थायी समिती, हा क्रम सगळ्यांना माहीत आहे. चुकतं ते वेळापत्रक. पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो, म्हणजे विभागांच्या मागण्या नोव्हेंबर-डिसेंबरात जातात. अहवाल त्याआधी हातात हवा. मागे मोजत या : कार्यादेश एप्रिल-मेमध्ये, निविदा जानेवारीत, मोजदाद आदल्या गणपतीनंतर लगेच. मध्ये कुठली आचारसंहिता येते का, तेही बघा.

कामाची व्याप्ती

इथे हात सैल सोडू नका. ‘आणि आयुक्त वेळोवेळी सांगतील ती इतर कामे’ हे वाक्य अगदी सवयीने येतं. ते काढा. त्या वाक्यापायी आमच्या पहिल्या सल्लागाराचे दोन विश्लेषक चार महिने मंत्रालयातल्या बैठकांचे पीपीटी बनवत होते.

मागायचं ते असं. सद्यस्थितीचा अहवाल, पण आपल्या मोजदादीच्या पुढचा. प्रत्येक मोठ्या निर्णयाला किमान दोन पर्याय, त्यात ‘आहे तेच दुरुस्त करून चालवा’ हा पर्याय सक्तीचा. पहिल्या दोन वर्षांचं तपशीलवार वेळापत्रक, तिसऱ्या ते पाचव्या वर्षाचं ढोबळ. पाचव्या वर्षी कुठला सर्व्हर घ्यायचा हे आज कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे, आराखडा नाही. प्रत्येक प्रणालीचा पाच वर्षांचा पूर्ण खर्च : खरेदी, परवाने, डेटा स्वच्छ करणं, प्रशिक्षण, नेटवर्कची लिंक, देखभाल आणि प्रणाली सोडायची वेळ आली तर डेटा बाहेर काढायचा खर्च. माणसांचा आराखडा : कोणती पदं, कायम की कंत्राटी, आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, बसतात का. आणि पहिल्या वर्षाच्या खरेदीसाठी निविदांचे कच्चे मसुदे.

मसुदे मागायचे तर हितसंबंधांचं कलमही आलंच. आराखडा करणारी कंपनी, तिच्या भगिनी कंपन्या आणि भागीदार यांना त्या आराखड्यातून निघणाऱ्या खरेदीत भाग घेता येणार नाही. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीशी त्यांचा विक्रीचा करार असेल तर तो आधीच लेखी जाहीर करायचा. निविदापूर्व बैठकीत हे कलम सैल करा म्हणून विनंती येणारच. सैल करू नका.

गुणांचं गणित

सगळ्यात कमी दर तो पात्र, ही पद्धत डांबराला ठीक आहे. बौद्धिक कामाला गुणवत्ता आणि दर दोन्ही धरणारी पद्धत, म्हणजे क्यूसीबीएस, वापरतात. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम २०१७ महापालिकेला थेट लागू नसले तरी हाताशी ठेवा. त्यातल्या नियम १९२ मध्ये ही पद्धत आहे आणि तांत्रिक गुणांचा भार ८० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलंय. राज्याचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदीविषयक शासन निर्णय तर पाहायचाच.

भार किती ठेवायचा ते आकडे मांडून ठरवा. समजा, ‘अ’ कंपनीला तांत्रिक ९० गुण आणि दर ७२ लाख, ‘ब’ला ७५ गुण आणि दर ४८ लाख. कमीत कमी दराला पूर्ण गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. सत्तर-तीस (तांत्रिक गुणांना सत्तर टक्के, दराला तीस) धरलं तर ‘अ’ : ६३ अधिक २० म्हणजे ८३, ‘ब’ : ५२.५ अधिक ३० म्हणजे ८२.५. ‘अ’ अर्ध्या गुणाने जिंकला. साठ-चाळीस धरलं तर ‘अ’ ८०.६७ आणि ‘ब’ ८५. निकाल फिरला. ऐंशी-वीस धरलं तर ‘अ’ ८५.३३, ‘ब’ ८०. म्हणजे लिफाफे उघडायच्या कितीतरी आधी, भार ठरवताना आपण निम्मा निकाल ठरवलेला असतो. माझं मत सत्तर-तीसच्या बाजूने, पण कारण टिपणीत लिहून. आणि ‘ब’चा दर आपल्या अंदाजाच्या पुष्कळ खाली आहे, तेव्हा किती मॅन-मंथ धरले ते दाखव म्हणून मागा. त्यासाठी मॅन-मंथचा तक्ता दराच्या लिफाफ्यातच सक्तीचा करून ठेवा.

तांत्रिक गुणांत कंपनीच्या उलाढालीला थोडे आणि प्रत्यक्ष येणाऱ्या माणसांना जास्त गुण द्या. सादरीकरणाला सूट घातलेले भागीदार येतात, भारदस्त बोलतात. कार्यादेश निघाला की कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली दोन मुलं लॅपटॉप घेऊन हजर होतात. मुलं हुशार असतात, तक्रार ती नाही. पण गुण ज्याच्या अनुभवाला दिले तोच समोर बसला पाहिजे. म्हणून नावं करारात, महिन्याला किती दिवस प्रत्यक्ष कार्यालयात तेही करारात, आणि माणूस बदलायचा तर तोडीस तोड माणूस, आपल्या लेखी संमतीने. मुलाखत संघप्रमुखाचीच घ्या. आधीच्या दोन महापालिकांना तुम्ही स्वतः फोन करा आणि एकच विचारा : अहवालातलं काय अमलात आलं?

मराठीसाठी गुण ठेवा. सोर्स कोड इंग्रजीत असतो, पण खिडकीवरची बाई, पाणीवाला, स्वच्छता निरीक्षक हे सगळे मराठीत सांगतात.

निविदापूर्व बैठकीतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना, लेखी, शुद्धिपत्रकाने, महाटेंडरच्या पोर्टलवर द्या. फोनवर कोणालाच काही सांगू नका.

करार आणि बिलं

बिल अहवाल ‘सादर’ झाल्यावर नाही, ‘स्वीकारल्यावर’. त्याबरोबर आपल्यावरही बंधन घाला : पंधरा कामकाजाच्या दिवसांत शेरे देऊ, नाहीतर अहवाल स्वीकारला असं धरलं जाईल. हे नसेल तर फाइल आपल्याकडेच झोपते आणि सल्लागाराची माणसं दुसऱ्या कामावर जातात. किमान चौथा हिस्सा शेवटच्या टप्प्याला राखून ठेवा. छापील प्रतींबरोबर बदल करता येतील अशा मूळ फाइली, हिशोबाच्या तक्त्यांमधली सूत्रं शाबूत, आणि सगळ्याचा मालकी हक्क महापालिकेचा. नागरिकांचा डेटा सल्लागाराच्या लॅपटॉपवर जाणार नाही. नमुना लागला तर नावं-नंबर झाकून.

सल्लागार आला

त्याला पहिल्या आठवड्यात बेलापूरच्या मुख्यालयात बसवू नका. दिघ्याला पाठवा, तुर्भ्याला पाठवा. कर भरायच्या शेवटच्या तारखेला विभाग कार्यालयाच्या खिडकीमागे स्टुलावर बसवा. तिथे दिसतं की पावती निघायला किती वेळ लागतो, प्रिंटर अडला की शिपाई कुठल्या बाजूने थोपटतो, आणि कारकून संगणकाशेजारी अजून एक वही का ठेवतो. त्या वहीत काय लिहिलंय ते विचारायला सांगा. प्रणालीत जे बसत नाही ते सगळं त्या वहीत असतं. आमच्या तिसऱ्या सल्लागाराच्या अहवालातलं सगळ्यात कामाचं प्रकरण अशा अकरा वह्यांवरून तयार झालं होतं.

महापे, रबाळे, ऐरोली भागात देशातली मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत, आणि त्याच शहरात वही निघते याचं सल्लागाराला हसू येईल. त्याला हसून घेऊ द्या आणि मग त्या वहीचे फोटो काढून अहवालाला जोडायला सांगा.

दर आठवड्याला अर्ध्या तासाची बैठक, अडलेल्या गोष्टींची यादी, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. महिन्यातून एकदा अतिरिक्त आयुक्तांसमोर. युनियनच्या पदाधिकाऱ्यांनाही एकदा बोलवा. संगणक आला की पदं जातात ही भीती कुजबुजीत राहण्यापेक्षा टेबलावर आलेली बरी.

अहवाल हातात आल्यावर

आधी शोधाशोध करा. फाइल उघडून शोधायच्या चौकटीत दुसऱ्या शहरांची नावं टाका. आमच्या दुसऱ्या अहवालात पान ६४ वर एका भलत्याच राज्यातलं शहर सापडलं होतं, तिथल्या नदीसकट. नवी मुंबईच्या अहवालात खारघर, कामोठे शोधा. ते पनवेल महापालिकेत, ती २०१६ ला झाली. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या घरात होती. सल्लागाराने सिडकोचं अख्खं शहर धरलं असेल तर आकडा फुगतो आणि त्यावर मोजलेले परवाने, सर्व्हर, सगळंच फुगतं.

मग ते पहिलं सहीचं पान काढा. पाच-सात प्रश्नांपैकी किती प्रश्नांना ‘हे करा, एवढ्यात, या क्रमाने’ असं उत्तर मिळालं ते बघा. ‘सक्षमीकरण करण्यात यावे’ हे उत्तर नाही, तिथे लाल रेघ मारून परत पाठवा. खर्चाच्या तक्त्यात एक आकडा बदलून पाहा. बेरीज हलली नाही तर सूत्रं काढून आकडे चिकटवलेत असं समजा.

लोकप्रतिनिधींसाठी दहा पानांची मराठी आवृत्ती सल्लागाराकडूनच घ्या. नगरसेवकाला त्याच्या प्रभागातल्या माणसाचा कुठला हेलपाटा कधी वाचणार, एवढं त्यात सापडलं पाहिजे. महासभेत ठराव झाला की पहिल्या वर्षाची कामं त्याच आठवड्यात विभागांच्या मागणीत घाला, लेखाशीर्षासकट.

शेवटचं बिल काढायच्या आधी समन्वय अधिकाऱ्याने सगळ्या फाइली महापालिकेच्या स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून, सल्लागाराचा माणूस समोर बसलेला असताना, एकेक उघडून बघायच्या. आमच्या बाईंनी दोन दिवस घेतले. एकोणीस फाइली उघडल्या नाहीत. बिल पुढच्या महिन्यात गेलं.